विषय: २६ नोव्हेंबरचा कार्यक्रम – श्रद्धांजलीनंतर काय शिकवायचं?

प्रेषक: सुलभा (कार्यक्रम समिती)

नमस्कार मंडळी,

२६ नोव्हेंबरसाठी सभागृह ३ ते ५ मिळालंय. श्रद्धांजली अर्ध्या तासात होईल. उरलेल्या दीड तासात, शहरावर हल्ला झाला तर साध्या माणसाने काय करायचं, हे प्रत्यक्ष करून दाखवावं असं समितीत ठरलं. आपण इथे परदेशात असलो तरी बहुतेकांचं कोणी ना कोणी मुंबईत आहे आणि सुट्टीत आपणही लोकलने फिरतोच. जाणकारांनी नेमकं लिहा. 'मुंबई स्पिरिट'वर भाषण ठेवणार नाही.

सुलभा

प्रेषक: अविनाश

सुलभाताई,

भाषण नको हे फार बरं केलंत. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांची आठवण काढली की 'दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा भरून धावल्या' एवढंच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले, कारण घरी बसणं बहुतेकांना परवडणारं नव्हतं. खरं काम आदल्या संध्याकाळी झालं. ६:२४ ते ६:३५ या अकरा मिनिटांत माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार-सांताक्रूझ, जोगेश्वरी, बोरिवली आणि मिरा रोड या पट्ट्यात सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. ऐन गर्दीची वेळ, वर पावसाळा. दोनशेच्या आसपास माणसं गेली. १०८ची रुग्णवाहिका सेवा तेव्हा महाराष्ट्रात नव्हती, ती २०१४ साली आली. रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, जे मिळेल त्यात घालून भाभा, सायन, कूपर, भगवती या रुग्णालयांत पोचवलं.

म्हणून चादरीपासूनच सुरुवात करा. नुसती चार टोकं धरून उचलली तर रक्ता-पाण्याने ओल्या झालेल्या कापडाची पकड सुटते आणि माणूस मध्ये वाकतो. दोन्ही लांब कडा आतल्या बाजूला गुंडाळत अंगापर्यंत आणायच्या, म्हणजे मुठीत धरायला जाड दोर मिळतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसं. एकानेच 'उचला' म्हणायचं. सपाटीवर पाय पुढे, जिना चढताना डोकं पुढे.

रुळांवर उतरायची वेळ आली तर उडी मारू नका, डब्याची जमीन खडीपासून बरीच उंच असते. दाराशी बसून पाय सोडायचे आणि खालच्याने आधार द्यायचा. शेजारच्या मार्गावर गाडी येत असेल, म्हणून आधी दोन्हीकडे बघायचं. ओव्हरहेड वायर तुटून लोंबत असेल तर तिच्या आसपासही जायचं नाही. २००६ साली पश्चिम रेल्वेवर १,५०० व्होल्ट डीसी होतं, आता २५,००० व्होल्ट एसी आहे. त्याला हात लावायची गरजही पडत नाही, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो.

हे झालं स्फोटाचं. गोळीबारात नेमकं उलट वागायचं आणि ही गल्लत जीवघेणी ठरते. २६/११ ला सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी केबिनमधून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं, परत परत सांगितलं. 'घाबरू नका' या शब्दांनी कोणाचे पाय हलत नाहीत. कुठल्या दाराने जायचं हे कळलं की हलतात. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना पँट्रीत नेलं, दारं लावली, दिवे बंद केले. म्हणजे गोळीबारात क्रम असा: बाहेर जायची वाट असेल तर निघायचं, नसेल तर दार लावून अंधार करायचा. फोनचा आवाज बंद, थरथरणंही बंद. मदतीला धावायचं ते गोळीबार थांबून पोलीस आल्यावर.

अविनाश

प्रेषक: मेधा

अविनाशदादांनी उचलायचं सांगितलं, मी उचलण्याआधीचं सांगते. स्फोटातली बरीच माणसं रक्त वाहून जातात, तेही काही मिनिटांत.

जखमेवर सुती कापड, त्यावर दोन्ही तळहात, अंगाचं वजन टाकून दाबायचं. दहा मिनिटं घड्याळ लावून. मध्ये कापड उचलून 'थांबलं का' बघितलं की धरू लागलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवायचं. काच, पत्रा रुतला असेल तर काढायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. जांघेत किंवा काखेत जखम असेल तर कापड आत बोटाने ठासून भरायचं आणि मग दाबायचं.

हातापायातून रक्त उसळत असेल तरच आवळपट्टी (टूर्निके). पट्टी ४-५ सेंटिमीटर रुंद, जखमेपासून धडाच्या बाजूला ५-७ सेंटिमीटर, सांध्यावर कधीच नाही. ओढणी चालते. नाडी किंवा सुतळी मांसात रुतते. गाठीत काठी घालून पिळायचं. पेन, पेन्सिल मोडते, म्हणून लाकडी डावाचा दांडा घ्या. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने पुरेसं आवळलं जात नाही. आणि अर्धवट आवळणं न आवळण्यापेक्षा वाईट, कारण शिरा बंद होतात, धमनी चालू राहते, रक्तस्राव वाढतो. रक्त थांबेपर्यंत पिळायचं. जखमी ओरडेल, तरी सैल करायचं नाही. कपाळावर आवळल्याची वेळ लिहायची.

आणखी एक. बंद डब्यात स्फोटाचा दाब भिंतींवर आपटून परत येतो. कानाचे पडदे फाटतात, म्हणून माणूस ओरडून सांगितलेलं ऐकत नाही. समोर उभं राहून हाताने खुणा करा. अंगावर ओरखडा नसलेला माणूस तासा-दोन तासांनी धापा टाकायला लागू शकतो, फुप्फुसाला मार लागलेला असतो. 'मला काही झालं नाही' म्हणून त्याला घरी जाऊ देऊ नका.

रक्तदानाच्या रांगा त्याच दिवशी लागतात, ते मन मोठंच आहे. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि एकदा रक्त दिलेला पुरुष ९० दिवस, बाई १२० दिवस परत देऊ शकत नाही. रक्तपेढीने बोलावल्यावरच नातेवाइकांना जायला सांगा.

मेधा

प्रेषक: प्रकाश

मेधाताईंचं वाचून आपल्या बाजूचं थोडक्यात लिहितो. इथून पन्नास घरांनी एकाच वेळी फोन लावले की तिकडची लाइन अडते. प्रत्येक कुटुंबाने एकच माणूस ठरवा, आधी मेसेज करा. तो रांगेत थांबून का होईना, पोचतो.

माणूस सापडत नसेल तर लिहून पाठवायचं ते असं: नाव, वय, कुठे चढला, कुठला डबा, कपडे, अंगठी, शस्त्रक्रियेचा व्रण. रुग्णालयाच्या यादीत नाव ऐकून लिहिलेलं असतं, म्हणून तीन-चार तऱ्हांनी शोधा. बेशुद्ध माणूस 'अनोळखी पुरुष, अंदाजे ४०' असाच सापडतो. क्रमांक: ११२, रुग्णवाहिका १०८, रेल्वे पोलीस १५१२, महापालिका १९१६.

पोलीस कुठे उभे आहेत त्याचे फोटो, व्हिडिओ कोणीही पुढे पाठवू नका. २६/११ च्या थेट प्रक्षेपणाचा फायदा हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांना झाला, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात स्पष्ट म्हटलंय. संशयितांची नावं तर अजिबात नकोत. अशा एका मेसेजने तिकडे एखाद्या गल्लीत दंगल पेटते. माहीमला चादरी घेऊन धावलेले लोक सर्व धर्मांचे होते.

मंडळाने पैसे पाठवताना संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा भारतीय कायदा) नोंदणी आधी तपासा. २०२१ पासून परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येते. भलत्या खात्यात गेले तर संस्थाच अडचणीत येईल.

प्रकाश

प्रेषक: सुलभा

सर्वांचे आभार. मग असं करू: जुन्या सुती चादरी ८, ओढण्या २०, लाकडी डाव २०, मार्कर ५. सहा-सहांचे गट, प्रत्येकाने एकदा उचलायचं आणि एकदा आवळायचं. आवळताना फक्त काठी कशी पिळतात ते दाखवायचं, पूर्ण घट्ट करायचं नाही. मेधाताई, त्यासाठी दंडाऐवजी गुंडाळलेला टॉवेल चालेल का?

सभागृहाला मागचं दार आहे, पण ते कुलूपबंद असतं. किल्ली कोणाकडे असते? सुरुवातीलाच ते दार सगळ्यांना दाखवायचं आहे.

सुलभा