कोठ्यातलं लग्न अन् गोरज मुहूर्त: फोटोंसाठी मदत हवी आहे

मंडळी, डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न आहे, आर्णी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात. लॉन नको, मंगल कार्यालय नको, मोठेबाबांच्या वावरातल्या कोठ्यातच (बैलांच्या गोठ्यात) लावायचं असं दोघांनी ठरवलंय. मोबाईलवर विलायती लग्नं पाहून हट्टाला पेटलेत. मोठेबाबा म्हणाले, "बैलं कुठी बांधू मंग?" पण झाले तयार. फोटो माझ्या गळ्यात.

कोठा दिसायला झकास: सागाच्या बल्ल्या, कुडाच्या भिंती, वर कवेलू. पण आत भर दुपारीही अंधार. दार एकच, पश्चिमेला. गोरज मुहूर्त म्हणजे पावणेसहाच्या आसपास, आपल्याकडे डिसेंबरात तेव्हाच सूर्य बुडतो. मंगलाष्टकं सुरू होताना ऊन सरळ दारातून आत, संपेपर्यंत काळोख.

माझ्याकडे कॅनन १५००डी, १८-५५ किट लेन्स, ५० एफ १.८ आणि एक फ्लॅश. ५० ची लेन्स ह्या कॅमेऱ्यावर ८० सारखी वागते, म्हणजे चौकटीत थोडंच मावतं, अन् कोठ्यात मागं सरकायला जागा नाही. फ्लॅश वर मारला तर डासांसाठी केलेल्या धुरानं काळे पडलेले वासे सगळा उजेड गिळतात. समोरून मारला तर हळदीचे चेहरे पितळेसारखे चकाकतात. त्यात दारापुढच्या मांडवाला हिरवी जाळी! अंतरपाट दूर होतो तो क्षण हातचा जाऊ नये, बाकी हुकलं तरी चालेल. काय करू?

आणि हो, त्यांना कापसाच्या गंजीवर बसून फोटो पाहिजे. साठवलेल्या कापसात अंग किती खाजतं, हे पुण्यात राहणाऱ्या नवरदेवाला कोण सांगणार?

प्रतिसाद

दादा, जाळी आधी रद्द करा, पांढरं कापड लावा. हिरवट पडलेला चेहरा नंतर कितीही सुधारला तरी आजारीच दिसतो.

तुमच्या पाठीमागं पांढरं धोतर ताणून बांधा आणि फ्लॅशचं तोंड मागं वळवून त्याच्यावर मारा. अंतरपाटही पांढराच, तो असेपर्यंत उजेड चेहऱ्यांवर परततो, निघाला की एकदम कमी होतो. म्हणून दुपारी दार झाकून, अंतरपाटाविना दोन पोरं उभी करा, मॅन्युअलवर (हातानं) सेटिंग ठरवा. किट लेन्स १८ वर (सगळ्यात रुंद), एफ ३.५ (तोंड पूर्ण उघडं), रॉमध्ये (नंतर सुधारता येणारी कच्ची फाइल). एलईडी माळा असल्या तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, शटर १/१०० हून वेगवान ठेवलं तर माळांच्या लुकलुकण्यानं फोटोत पट्टे येऊ शकतात.

कापूस त्याच कोठ्यात असेल तर हॅलोजन आत आणूच देऊ नका, आग लागायला वेळ लागत नाही. गंजीचा फोटो सकाळी घ्या, खाली जाड सतरंजी टाकून.