मदत हवी आहे: मुलाच्या ताब्याच्या केसचं रेकॉर्ड अर्धवट, अपील कसं करू?

घालमेल
मुलाच्या ताब्याचा निकाल विरोधात गेलाय, अपील करायचंय. नकला मिळाल्या त्यात उलटतपासाचा दुसरा दिवस नाहीच! जे काही कामाचं बाहेर आलं ते त्याच दिवशी. वकील म्हणतात "अपिलात बघू". वरच्या कोर्टात तोंडी सांगितलं तर चालतं का? लवकर सांगा. 'धीर धरा' छाप प्रतिसाद नकोत.

पाटीलबुवा
दादा, आपल्याकडे बापाला कोण विचारतो? माझ्या मेहुण्याला महिन्यातून दोन रविवार मिळतात, तेही कोर्टाच्या खोलीत. आधी पीडित पतींची एखादी संघटना गाठा.

घालमेल
मी आई आहे.

पाटीलबुवा
बरं. पण मुद्दा तोच.

काळा_डगला
निकाल अंतिम की अंतरिम? कोणत्या कायद्याखाली? तारीख? नकलेचा अर्ज कधी केला? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली अपील होत नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

बंड्या_कोथरूड
माहिती अधिकार टाका. दहा रुपयांत काम.

काळा_डगला
नका टाकू. न्यायालयीन कामकाजाचे कागद न्यायालयाच्या नियमांनीच मागायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. उगाच महिना जाईल.

बंड्या_कोथरूड
मला सातबारा मिळाला होता की.

काळा_डगला
सातबारा न्यायाधीश लिहितात का?

घालमेल
निकाल फायनल आहे. नवऱ्याने गार्डियनच्या (पालकत्वाच्या) कायद्याखाली अर्ज केला होता, घटस्फोट वेगळा चालू आहे. निकाल १२ तारखेचा, नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात दिलाय. कोर्ट कुठलं ते इथे सांगत नाही, पण अपील कोल्हापूरला जाईल असं वकील म्हणाले.

रांगडा_गडी
म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच! ऑगस्ट २०२५ पासून आपल्या सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी सुटली. तारखेला याल तेव्हा तांबडा-पांढरा खाऊन जा.

वकीलीण_नवी
अपिलाला ९० दिवस आहेत, घाबरू नका. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्येच सांगितलंय.

काळा_डगला
ते हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांबद्दल. हा गार्डियन्स अँड वॉर्ड्सचा अर्ज, म्हणजे कौटुंबिक न्यायालय कायद्याचे ३० दिवस. अर्धवट सल्ल्याने ताईंची मुदत घालवाल.

वकीलीण_नवी
ही माहिती आत्ता आली. मी लिहायला घेतलं तेव्हा नव्हती. आणि नकलेत गेलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ ने वजा होतात, तेही सांगा ना.

काळा_डगला
होतात. नकलेवर अर्जाची तारीख आणि तयार झाल्याची तारीख असते, त्यावरून मोजतात. नक्कल तयार होऊन पडली आणि आपण घ्यायला गेलो नाही, ते दिवस आपल्या खाती.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, त्या दिवशीचा रोजनामा (कोर्टाने केलेली त्या दिवसाच्या कामाची नोंद) काय म्हणतो ते आधी बघा.

घालमेल
काका, आत्ता काढून बघितला. "अर्जदाराचा उलटतपास पूर्ण" असं लिहिलंय. जबानीचं शेवटचं पान मात्र "उलटतपास तहकूब" वर संपतं. अर्जदार म्हणजे तोच.

निवृत्त_शिरस्तेदार
मग पान आहे, तुमच्यापर्यंत आलं नाही इतकंच. त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयाला शब्दन्‌शब्द लिहावं लागत नाही, सारांश चालतो. पण त्या सारांशाखाली साक्षीदाराची आणि न्यायाधीशांची सही लागते. तुमच्या नवऱ्याने दोन्ही दिवशी सही केलेली असणार. जबानीची निशाणी (फाइलीतला कागदाचा नंबर) आणि रोजनाम्याची तारीख घालून नव्याने नकलेचा अर्ज द्या. नुसतं 'संपूर्ण जबानी' लिहिलंत तर पुन्हा तेच पुडकं हातात पडेल. जमलं तर वकिलांना फाइल तपासणीचा अर्जही द्यायला सांगा. पान दुसऱ्या निशाणीमागे टाचलेलं असतं, मी स्वतः अशी पानं शोधून काढलीत.

घालमेल
आणि मुळात लिहूनच घेतलं नसेल तर? त्याने कबूल केलं होतं की मुलगा सोमवार ते शुक्रवार आत्याकडे दुसऱ्या गावी असतो. निकालपत्रात त्यावर चकार शब्द नाही.

काळा_डगला
मग मूळ न्यायाधीशांकडेच लेखी अर्ज, आणि तोही लगेच. १९८२ च्या रामदास नायक प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कोर्टात काय घडलं याबाबत न्यायालयाची नोंद अखेरची. चुकीची वाटली तर ज्या न्यायाधीशांनी केली त्यांच्याकडेच जा, त्यांच्या डोक्यात गोष्ट ताजी असताना. 'वर तोंडी सांगितलं तर' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं: नाही चालत. "अपिलात बघू" इथेच फसतं: वरून रेकॉर्ड मागवलं तरी खालच्या फाइलीत जे असेल तेवढंच येणार. अर्ज नामंजूर झाला तरी तो रेकॉर्डवर राहतो, अपिलाच्या मुद्द्यांत घेता येतो.

बंड्या_कोथरूड
मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवायचं ना सरळ.

वकीलीण_नवी
परवानगीशिवाय? फोन जप्त, वर अवमान. ताई, मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलले होते का?

घालमेल
हो. निकालात एकच ओळ आहे, "मुलाने वडिलांकडे राहण्याची इच्छा दर्शवली". काय विचारलं, किती वेळ, काही नाही. सात वर्षांचा आहे तो.

वकीलीण_नवी
मग अपिलात हा मुद्दा स्वतंत्र घ्या आणि उच्च न्यायालयाने मुलाशी स्वतः बोलावं अशी विनंती करा. बोलतात. समुपदेशकाचा अहवाल असेल तर त्याचीही नक्कल घ्या. गोपनीय म्हणून टाळलं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा पेरी कंसाग्रा निकाल दाखवा, ताब्याच्या प्रकरणात तो अहवाल विचारात घेता येतो.

काळा_डगला
हे बरोबर. (नोंद घ्या, मी सहमत झालोय.) आणि नुसतं अपील दाखल केल्याने ताब्याचा आदेश थांबत नाही, सोबत स्थगितीचा अर्ज लागतो. पानाची वाट बघत बसू नका, मुदतीत अपील टाका. पान मागाहून जोडता येईल.

घालमेल
उद्या सकाळीच नक्कल विभागात जाते. काका, निशाणी नंबर जबानीच्या पहिल्या पानावर असतो ना?

निवृत्त_शिरस्तेदार
हो, वर कोपऱ्यात, बहुतेक लाल शाईत. साडेअकराच्या आत जा, नंतर रांग लागते.

सुखदेव_७७
चांगला धागा. माझ्या फेरफारच्या नकलेतही दोन पानं कमी आहेत, तलाठी दाद देत नाही. काय करू?

बंड्या_कोथरूड
माहिती अधिकार टाका.