शब्दचर्चा: तारखांच्या तुलनेतले ‘आधी’, ‘पर्यंत’ आणि ‘समान’

प्रश्न: जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘लोकलडेट’वर, म्हणजे तारीख साठवणाऱ्या प्रकारावर, मराठीत टिपण लिहितो आहे. त्याच्या मेथडींपैकी, म्हणजे त्याच्यावर चालणाऱ्या क्रियांपैकी, ‘इझबिफोर’ला ‘पूर्वी’, ‘अंटिल’ला ‘पर्यंत’ आणि ‘इझइक्वल’ला ‘समान’ हे शब्द योजले आहेत. चालतील का? शिवाय ‘इक्वल्स’ ही वेगळी मेथड आहे, तिला काय म्हणू?

उत्तर: ‘पूर्वी’पेक्षा ‘आधी’ घ्या. ‘पूर्वी’ एकटा आला की मन जुन्या काळाकडे जातं. तीच तारीख दिली तर ‘इझबिफोर’ फॉल्स (‘नाही’) देतं, आणि ‘15 तारखेच्या आधी’ म्हटल्यावर आपणही 15 धरत नाही. ‘15 तारखेच्या आत’ मात्र टाळा. त्यात 15 येते की नाही यावर हमखास वाद होतो.

‘पर्यंत’ला माझा ठाम विरोध आहे. ‘15 तारखेपर्यंत अर्ज भरा’ असं वाचणारा 15 ला अर्ज भरतो, आणि त्याचं बरोबरच असतं. ‘अंटिल’ मात्र शेवटची तारीख वगळतं. जावा 9 मध्ये आलेल्या ‘डेट्सअंटिल’ला 10 ते 15 दिलं, तर हाती 10 ते 14 येतात. टिपणात ‘पर्यंत’ वाचून कुणी कोड लिहिला, तर मुदतीचा अख्खा एक दिवस गळेल. ‘15 तारीख उजाडेपर्यंत’ म्हणा. थोडं लांब आहे, पण अर्थ नेमका आहे. आपलं रोजचं ‘पर्यंत’ हवं असेल, तर ‘इझआफ्टर’ नाकारून वापरावं लागतं: ‘15 च्या नंतर नाही’.

दुसरं उत्तर: ‘समान’ने दोन्ही मेथडींचा घोळ होईल. जावात थाई बौद्ध कालगणनेचाही प्रकार आहे. आपलं 1 जानेवारी 2024 तिथे 1 जानेवारी 2567 असतं. या दोन्हींवर ‘इझइक्वल’ ट्रू (‘होय’) देतं, ‘इक्वल्स’ फॉल्स. तिथी वेगळी, तारीख वेगळी, दिवस एकच, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा ‘इझइक्वल’ला ‘तोच दिवस’ आणि ‘इक्वल्स’ला ‘त्याच कालगणनेतली तीच तारीख’ म्हणा.

प्रश्नकर्ता: दोन्ही घेतो. दोन तारखांच्या तुलनेचं उत्तर संख्येत देणाऱ्या ‘कम्पेअरटू’चं उत्तर ऋण आलं, तर ‘अलीकडची तारीख’ लिहू?

उत्तर: नको. ‘अलीकडची’चा अर्थ अनेकांना ‘ताजी’, म्हणजे नेमका उलटा लागेल. ‘आधीची’ लिहा. आणि फक्त चिन्ह बघायला सांगा. उत्तर उणे एकच येईल असं धरू नये.