असिस्ट ट्रॉफी चालू ठेवायची की बंद? (आणि त्या पिल्लाचं काय करायचं?)

चौथा_कंट्रोलर:
रविवारी आमच्याकडे 'स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा डाव रंगला होता. मी, दाजी, आतेभाऊ आणि नऊ वर्षांची भाची. चौघांकडेही शेवटचा एकेक जीव उरलेला. भाचीने धावत जाऊन असिस्ट ट्रॉफी (उचलली की कुणीतरी मदतनीस येतो अशी वस्तू) उचलली आणि त्यातून निघालं काय, तर निंटेंडॉग, कुत्र्याचं पिल्लू!

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे पिल्लू कुणाला मारत नाही, चावत नाही. थेट टीव्हीच्या काचेशी येऊन उभं राहतं आणि मागची सगळी मारामारी त्याच्या अंगाआड जाते. आतेभावाने अंदाजाने उडी मारली ती कडेबाहेर. दाजी त्याच्या पाठोपाठ गेले. मी घाबरून दिसेल ते बटण बडवलं आणि मीही खाली. पिल्लू हटलं तेव्हा भाची एकटी उभी होती.

आतेभावाने कंट्रोलर गादीवर टाकला. "हा खेळ नाही, लॉटरी आहे. यापुढे ट्रॉफ्या बंद."

मला हे पटत नाही. अल्टिमेटमध्ये असे ५९ मदतनीस आहेत आणि कोण येणार हे बोलावणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चार माणसं एका टीव्हीसमोर बसून शेजारी ऐकतील इतकं ओरडतात ती त्यासाठीच. ते काढलं की उरतो नुसता सराव. बोला.

फ्रेम_मोजणारा:
मी आतेभावाच्या बाजूने. ट्रॉफी कुठे पडणार ते गेम ठरवतो. तुझ्या पायाशी पडली तर तुझी, माझ्या पायाशी पडली तर माझी, यात कसब कुठलं? उघडल्यावर काय निघणार हे दुसरं नशीब. पोकेबॉल फेकला की पोकेमॉन निघतो, त्याचंही तसंच. एकाच्या बॉलमधून स्नॉरलॅक्स निघतो, वर उडतो आणि प्रचंड होऊन खाली कोसळतो. दुसऱ्याच्या बॉलमधून गोल्डीन निघतो, जागच्या जागी तडफडतो, बस्स. दोघांनी केलं मात्र एकच, पळत जाऊन बॉल फेकला.

२००८ च्या एव्हो या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेत 'ब्रॉल', म्हणजे स्मॅशचा आधीचा भाग, आयटम (ट्रॉफी, पोकेबॉल अशा वस्तू) चालू ठेवून खेळवला होता. त्यावर इतकी बोंबाबोंब झाली की विचारू नका. आज मोठ्या स्पर्धांत आयटम सरसकट बंद असतात ते उगाच नाही.

बोलावलेला प्राणीच हवा असेल तर 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' या दुसऱ्या फायटिंग गेममधला झॅटो खेळून बघ. त्याची सावली एडी बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर हल्ला करते. म्हणजे एका हाताने झॅटोला चालवायचं, दुसऱ्या हाताची बोटं बटणांवर दाबून धरायची आणि नेमक्या क्षणी एकेक उचलायची. पहिले काही दिवस माझी बोटं अक्षरशः एकमेकांत अडकायची. त्यात झॅटोलाच फटका बसला की एडी गायब. हा झाला कमावलेला मदतनीस. तुझं पिल्लू फुकटात मिळालेलं.

मेंढीकोट:
चारही दश्श्या समोरच्या जोडीकडे गेल्या म्हणून कुणी मेंढीकोट खेळायचं सोडतं का? पानं वाटणं नशिबाचं, खेळणं आपलं.

फ्रेम_मोजणारा:
मेंढीकोट दुपारभर चालतो हो, वीस डावांत नशीब फिरून सगळ्यांकडे येतं. स्पर्धेत तीनातले दोन जिंकायचे असतात. वर्षभर घाम गाळायचा आणि एका कुत्र्यापायी घरी जायचं?

तळमजला:
विषय सोडून, पण मारिओच्या गेम्समधल्या वालुइजीचा विचार कुणी केलाय का? खेळाडू म्हणून त्याला घेतलंच नाही, 'ब्रॉल'पासून ट्रॉफीत कोंडून ठेवलाय. ट्रॉफ्या बंद केल्या की त्या बिचाऱ्याची हजेरीही गेली.

मेंढीकोट:
फ्रेमराव, स्पर्धेचं मान्य. पण धागा घरातल्या डावाचा आहे. आणि निव्वळ नशीब म्हणताय तेही पूर्ण खरं नाही. अल्टिमेटमध्ये बऱ्याच मदतनिसांना हाणून पाडता येतं, वर गुणही मिळतो. समोरच्याने राक्षस बोलावला तर त्यावर इलाज आहे.

फ्रेम_मोजणारा:
पिल्लाला हाणून दाखवा.

मेंढीकोट:
ते मात्र नाही जमायचं :)

तळमजला:
पिल्लाला कोण हाणेल? ज्याने हाणलं त्याच्याशी मी बोलणार नाही.

चौथा_कंट्रोलर:
एक सांगायचं राहिलं. काल भाचीला सहज विचारलं, पिल्लू आल्यावर तू काय केलंस? म्हणाली, "काहीच नाही. दिसत नव्हतं ना मामा, मग कशाला हलायचं? पायाखाली जमीन आहे हे माहीत होतं."

आम्ही तिघं मोठे बटणं बडवत पडलो आणि ही शांत उभी. आता याला लॉटरी म्हणायचं का?

फ्रेम_मोजणारा:
...नाही म्हणता येणार. समोरचं दिसत नसताना बटणाला हात न लावणं मला अजून जमत नाही. पोरीला झॅटो शिकवायचा असेल तर सांग, एखाद्या रविवारी येतो. ट्रॉफ्या बंद ठेवूनच पण.

चौथा_कंट्रोलर:
ये. आतेभाऊही येतोय, अजून धुसफुसतोय. ट्रॉफ्यांचं मात्र भाचीलाच विचार, कंट्रोलर तिच्याकडे असतो.