मदत हवी आहे: वापरात नसलेल्या वीज मीटरचं बिल, मीटर आजोबांच्या नावावर (सांगली)

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा महिना दीडशे रुपयांचा आहे. पण त्यात चुलते, वाटणी, महापूर आणि माझा अतिशहाणपणा एवढं सगळं अडकलंय, त्यामुळे थोडं पाल्हाळ होणार. आधीच माफी मागून ठेवतो.

सांगलीत गावभागात आमचं जुनं दुमजली घर आहे. वर आई एकटी असते, मी पुण्याला. खालचा मजला काकांच्या वाटणीचा. वाटणी म्हणजे तोंडी. एका दिवाळीत पंगतीला बसल्या बसल्या आजोबा म्हणाले, "वरचं थोरल्याचं, खालचं धाकट्याचं," आणि सगळ्यांनी मान डोलावली, तेवढीच. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. घराला मीटर दोन. वरचं वडिलांच्या नावावर होतं, ते गेल्यावर आईच्या नावावर करून घेतलं. खालचं आजोबांच्या नावावर, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षं उलटली.

खाली भाडेकरू होते. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात माळ्यापर्यंत पाणी होतं. भाडेकरू पाहुण्यांकडे गेले ते भांडी न्यायलाच परत आले. पाणी ओसरल्यावर मीटर बदललं गेलं, वायरिंगही नवीन केलं, पण राहायला कोणी तयार होईना. 2021 ला पुन्हा पाणी शिरलं आणि तो विषयच संपला. त्या मीटरवर उरली फक्त बोअरची मोटर, महिन्याला तीसएक युनिट.

आता माझा शहाणपणा. गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. म्हटलं, एका मोटरसाठी दुसऱ्या बिलाचा स्थिर आकार कशाला भरायचा? इलेक्ट्रिशियनला बोलावून मोटरची लाईन वरच्या मीटरवर घेतली. आईचं बिल पूर्वी 90-95 युनिटांत बसायचं, ते आता 125 च्या घरात जातं. शंभराच्या वरचे ते 25 युनिट जवळजवळ दुप्पट दराने लागतात हे मला बिल आल्यावर कळलं. आणि खालचं बिल बंद व्हायचं ते झालंच नाही. शून्य युनिट असले तरी स्थिर आकार 130, त्यावर 16 टक्के वीज शुल्क, मिळून दीडशे. वर्षाचे अठराशे.

त्यात भर म्हणजे फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खालचं मीटर बोळाच्या आत आहे आणि बोळाला कुलूप. पूर्वी रीडिंगवाला आला की आई खाली जाऊन दार उघडायची. आता तिला जिना उतरवत नाही. तेव्हापासून बिलावर रीडिंगच्या जागी "लॉक" येतंय आणि सरासरीने 30 युनिट लावतायत. म्हणजे जी मोटर तिथे नाहीच, तिचे पैसे. बिल साडेतीनशेच्या पुढे. आई निमूट भरते. मी विचारलं तर म्हणाली, "लाईट तोडून गेले म्हणजे? तुझ्या काकाचं आहे ते."

प्रश्न असे: हे मीटर कायमचं बंद करायचं तर अर्ज कोणी करायचा, माणूसच हयात नाही? सरासरीचे जास्तीचे पैसे परत मिळतात का? पुढे काकांना किंवा त्यांच्या मुलाला मीटर हवं झालं तर अडचण येईल का? आणि बिल भरायचंच थांबवलं तर काय होईल? शेजारचे एक गृहस्थ ठामपणे सांगतात की दोन वर्षं भरलं नाही की कंपनीला वसूल करता येत नाही, कायदाच आहे.

भडंगप्रेमी:
छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घ्या, एकशेवीस रुपये एकरकमी सवलत मिळते, म्हणजे वर्षभर महिना दहा. दीडशेचे एकशे चाळीस. प्रश्न सुटला. 😀

हरिपूरचं_पेव:
शेजाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ते म्हणतात ते वीज कायदा 2003 मधलं कलम 56(2), पण ते अर्धंच वाचलंय त्यांनी. रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांनी वसूल करता येत नाही हे खरं, पण ती थकबाकी म्हणून बिलात सलग दाखवत आले असतील तर ती मुदत लागू होत नाही. आणि थकबाकी तर दर महिन्याच्या बिलात छापूनच येते की! आमच्या मामांनी हाच प्रयोग केला होता. पंधरा दिवसांची लेखी नोटीस आली, मग वायर काढून नेली, व्याज चढत गेलं. पुढे त्याच जागेत नवीन कनेक्शन मागायला गेले तेव्हा जुना हिशोब समोर ठेवला. घर बाहेरच्या कोणी विकत घेतलं तर त्याच्यावर जुन्या थकबाकीची जबाबदारी सहा महिन्यांपुरतीच येते. वारसाला ती मर्यादा नाही, आणि तुम्ही वारस आहात. मामा 2024 सालच्या अभय योजनेत सुटले, पण तिथेही व्याज आणि विलंब आकारच माफ होता, मूळ रक्कम भरावीच लागली.

जुना_लाईनमन:
पस्तीस वर्षं या खात्यात काढली, म्हणून सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की वापर नाही तर बिल नाही. पोलवरून तुमच्यापर्यंत आलेली वायर, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तुमच्यासाठी धरलेला लोड, हे तुम्ही बटण दाबा न दाबा, तयार ठेवावंच लागतं. स्थिर आकार त्याचा. कायद्यातच कलम 45 मध्ये तशी मुभा आहे. तेव्हा त्यावर भांडायला जाऊ नका, वेळ जाईल.

सरासरीचं मात्र जरूर भांडा. खरं रीडिंग मिळालं की फरक पुढच्या बिलात समायोजित होतो. कुलूप उघडून मीटरचा फोटो काढा, आकडे आणि मीटर नंबर दोन्ही दिसायला हवेत. रीडिंगच्या तारखेच्या आसपास कंपनीच्या ॲपवरही टाकता येतं, पण इतके महिने लॉक आहे तर मी म्हणेन सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही. नाहीच झालं तर 1912 ला तक्रार, तिचा नंबर लिहून ठेवा. त्याच्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच, तुमच्याकडचा कोल्हापूरला. सहसा तिथवर जावं लागत नाही.

कायमचं बंद करण्याला आम्ही पी.डी. म्हणतो. ज्याच्या नावावर मीटर त्याचा अर्ज लागतो. तो हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर करून मग पी.डी. हा सरळ रस्ता. मृत्यूचा दाखला, जागेचा कागद, बाकीच्या वारसांचं ना हरकत. म्हणजे तुमच्या काकांची सही लागणारच. शेवटचं रीडिंग, शेवटचं बिल, जमा असलेली सुरक्षा ठेव त्यातून वळती होते. आजोबांच्या काळची ठेव म्हणजे फार अपेक्षा ठेवू नका.

आणि एक. बोळात मीटर ठेवू नका. राहणार असेल तर बाहेरच्या भिंतीला घ्या, आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बघून त्याच्या वर.

मिरजेचा_तंबोरा:
मी तर म्हणतो मीटर ठेवा आणि मोटर परत खाली टाका. तुमच्याच आकड्यांनी हिशोब करा. वरचे 25 युनिट महागाने घेण्यापेक्षा तेच युनिट खालच्या मीटरवर पहिल्या शंभरात बसतात. महिन्याला तेवढी बचत.

हरिपूरचं_पेव:
@तंबोरा, आणि स्थिर आकाराचे दीडशे? ते धरले तर फायदा फारसा उरत नाही. शिवाय एकाच कुटुंबाने एकाच जागेत स्लॅब (महागड्या दराचा टप्पा) वाचवायला दोन मीटर ठेवणं नियमात बसत नाही, दोन्हींचं युनिट एकत्र धरून बिल लावू शकतात. यांचं प्रकरण वेगळं, खाली खरंच वेगळ्या घराची वाटणी आहे. पण मग त्या मीटरवर आईंच्या पाण्याची मोटर कशी, असं कोणी विचारलं तर?

भडंगप्रेमी:
काकांना फोन केलात का? इथे चार जणांनी कायदा सांगितला, पण मीटर त्यांचं आहे ना.

(धागाकर्ता)
@भडंगप्रेमी, नाही केला. खरं सांगायचं तर तोच टाळतोय. काका डोंबिवलीला असतात. भांडण नाही, पण पुरानंतर खालची डागडुजी कोणी करायची यावरून थोडं तुटक झालंय. आता मी "मीटर बंद करतोय, सही द्या" म्हटलं तर त्यांना वाटणार पुतण्या खालच्या मजल्यावरून आपलं नाव पुसतोय. लाईट बिल हा मालकीचा पुरावा नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही असेल. पण उताऱ्यावर काही नाही म्हटल्यावर माणूस त्या मीटरकडेच बघणार. आई इतके महिने का भरत होती ते मला हे लिहिताना कळतंय.

@लाईनमनकाका, खूप आभार. फोटो आणि अर्ज शनिवारी करतो.

जुना_लाईनमन:
बिल भरतोय कोण, हे काकांना माहीत आहे का?

(धागाकर्ता), नऊ दिवसांनी:
अपडेट देतो.

शनिवारी सांगलीला गेलो. बोळाचं कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. मीटरचं रीडिंग दिवाळीत होतं तिथेच थांबलेलं, म्हणजे सरासरीचे सगळे युनिट जास्तीचे. फोटो काढले. शनिवारी ऑफिस बंद, म्हणून थांबलो आणि सोमवारी अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी फोटो बघून सांगितलं की माणूस येऊन प्रत्यक्ष रीडिंग घेईल, मग पुढच्या बिलात वजा होईल. पोच घेतली. मीटर बाहेर घेण्याचा वेगळा अर्ज करायला सांगितलाय.

मॅडमनी सहज विचारलं, "बंद करताय की नाव बदलताय?" मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

रात्री काकांना फोन लावला. सरळ विषय काढवेना, म्हणून आईच्या गुडघ्यापासून सुरुवात केली आणि लॉकवर आलो. काका म्हणाले, "बिल येतंय अजून? मला वाटलं पुरानंतर मीटर गेलंच." त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग काही वेळ गप्प. मग म्हणाले, "वहिनी भरतेय होय?" आणि ग्राहक क्रमांक मागितला. मी व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मिनिटांत त्यांनी चालू बिल भरल्याचा स्क्रीनशॉट आला. सरासरीचं, जास्तीचं बिल होतं, भरू नका म्हणून सांगायलाही वेळ मिळाला नाही.

मीटर काकांच्या नावावर करायचं ठरलंय. मोटर वरच्याच मीटरवर राहील, दर काय लागायचा तो लागो. मृत्यूचा दाखला आईच्या ट्रंकेत सापडला. ना हरकत माझ्या आणि आईच्या सहीचं लागेल, त्यासाठी काका स्वतः येतो म्हणतायत, रेल्वेचं तिकीट काढलंय.

आता एकच विचारायचं राहिलं. जुन्या दाखल्यावर आजोबांच्या नावात वडिलांचं नाव नाही, फक्त नाव आणि आडनाव. बिलावर पूर्ण नाव आहे. एवढ्यावरून अर्ज परत येतो का? @लाईनमनकाका, बघाल का जरा?

जुना_लाईनमन:
येऊ शकतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र करून द्या, शंभराच्या... थांबा, आता मुद्रांक पाचशेचा झालाय. आधी ऑफिसात विचारा, कधी साध्या कागदावरच्या स्वयंघोषणेवरही घेतात. काका यायच्या आधी विचारून ठेवा, म्हणजे त्यांना दुसरी खेप पडणार नाही.