परक्या भाषेतले शब्द डोक्यात टिकतात कसे? आपापले अनुभव सांगा

जर्मनची ए-१, म्हणजे अगदी पहिली पातळी चालू आहे. शब्द पाठ होतात, त्यांचं लिंग काही होत नाही. जेवणाच्या टेबलावरच घोटाळा: चमचा 'डेर' (पुल्लिंगी), काटा 'डी' (स्त्रीलिंगी), सुरी 'डास' (नपुंसकलिंगी). आपला चमचा तो, काटाही तो, सुरी ती! वहीत डेरला निळी, डीला लाल, डासला हिरवी शाई वापरते. थोडा फरक पडलाय. पण सगळ्यात पक्का बसलेला शब्द शाईविनाच बसला. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि चक्क नपुंसकलिंगी. वर्ग हसला. मला मालवणची आजी आठवली: "ता चेडू खंय गेला?" तिच्या बोलीतही मुलगी 'ता', म्हणजे 'ते'च की!

तुम्ही काय करता?

*

मी खोका केलाय. सेबास्टियन लाइटनरने १९७२मध्ये मांडलेली पद्धत. मिठाईच्या खोक्यात पाच कप्पे, चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, मागे अर्थ. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे वाढत्या अंतराने. सुरुवातीला हौसेनं रोज तीस शब्द कोंबले. पंधरवड्यात पहिल्या कप्प्यात बोट शिरेना. आता आठच. आणि चिठ्ठी स्वतः लिहायची. विकतच्या तयार चिठ्ठ्या आणल्या होत्या, त्या तशाच पडून आहेत.

*

खोक्याला अनुमोदन. फक्त मी अर्थाऐवजी अख्खं वाक्य लिहितो.

*

मुक्काम बंगळूर. ॲपवर कन्नड रंग आणि प्राणी शिकलो, उपयोग शून्य. मेसमध्ये वाढपी भातावर भात घालत राहिला तेव्हा 'साकु' (पुरे) शिकलो, तो आजन्म. 'अडिके' म्हणजे सुपारी हे कळलं आणि घरचा अडकित्ता आठवला. तेव्हापासून नवा शब्द आला की आधी मराठीत त्याचा कुणी भाऊबंद आहे का ते बघतो. फसगतही होते: 'तायि' म्हणजे ताई नव्हे, आई.

*

लेकीकडे जर्मनीत सहा महिने होते. तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जर्मन नावं चिकटवली. आठवड्यानं मला त्या चिठ्ठ्या दिसेनाशाच झाल्या, हात आपोआप साखरेवर जायचा. माझा खरा शब्द एकच, 'प्फांट'. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळणारी अनामत, प्लास्टिकच्या बाटलीला बहुधा २५ सेंट. जावई म्हणतात, आई बागेतून फिरून आल्या की पिशवी वाजते.