टीमला काम देतो आणि रात्री तेच काम स्वतः करत बसतो, काय करावं?

तापीकाठ
जळगावात आमची ५ जणांची टीम आहे, रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांसाठी काटापावती आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. मी ८ महिन्यांपूर्वी लीड झालो. तीन पोरं कॉलेजातून नवीन आलेली, हुशार आहेत, पण टास्क दिला की दोन दिवस गप्प, विचारलं तर "होतंय दादा", आणि तिसऱ्या दिवशी येतं ते भलतंच. मग व्यापाऱ्याचा फोन आला की मीच रात्री बसून सगळा कोड परत लिहितो, सकाळी पोरांचं तोंड उतरलेलं असतं ते बघवत नाही. अजून एक माणूस घ्यावा का?

भुसावळ_जंक्शन
माणूस घेऊ नका भो सध्या. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ लाच लिहून ठेवलंय, उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की अजून उशीर होतो. ५ जणांत बोलायच्या जोड्या १०, सहावा आला की १५, आणि त्याला शिकवणार कोण तर तुम्हीच ना.

धुळेकरीण
दादा, एखादा टास्क कसा लिहिता ते जसाच्या तसा टाका ना इथे.

तापीकाठ
कालचाच टाकतो. "उचलचा रिपोर्ट करणे, शुक्रवारपर्यंत."

धुळेकरीण
उचल कुणाची, शेतकऱ्याची का कापणीच्या टोळीच्या मुकादमाची? रिपोर्ट बघणार कोण, व्यापारी का त्याचा दिवाणजी, मोबाईलवर का छापून? हे तुमच्या डोक्यात आहे, पोराच्या नाही, आणि नवीन पोरगं विचारायला घाबरतं. टास्क दिल्यावर त्यालाच सांगायला लावा की काय समजलं, आणि पहिल्याच संध्याकाळी अर्धवट का होईना स्क्रीन दाखव म्हणा, दोन दिवस थांबूच नका. आणि त्याचा कोड तुम्ही बदलू नका प्लीज, पुल रिक्वेस्टवर (मुख्य कोडात घ्यायच्या आधी तो तपासायला पाठवतो तिथं) कमेंट लिहा आणि त्यालाच दुरुस्त करू द्या, वेळ लागेल पण माझ्या टीममध्ये याच एका गोष्टीने फरक पडला.

सातपुडा_कोडर
सहमत, फक्त लाइव्ह डेटाबेसला हात लावायचं काम इतक्यात एकट्याला देऊ नका. तिथं शेजारी बसवून करा, कीबोर्ड त्याच्याकडे. व्यापाऱ्याचा हिशेब चुकला तर शेतकऱ्याचे पैसे अडकतात.

तापीकाठ
ताई, उचल मुकादमाची होती. पोराने शेतकऱ्याची धरून अख्खा रिपोर्ट केलाय, आत्ताच उघडून बघितला, आणि कोड तसा नीट आहे त्याचा. टास्क परत लिहितोय. शनिवारी तिघांना रावेरला व्यापाऱ्याच्या ऑफिसात घेऊन जातो, दिवाणजी हिशेब कसा करतो ते बघू देत.